न रडणाऱ्यांची बाजू

मयताच्या घरी एखादी बाई कोरड्या डोळ्यांनी बसली असली की कोणीतरी हळूच म्हणतं, ‘तिला रडवा गं, नाहीतर मनावर परिणाम होईल.’ हे फक्त आपल्याच आयाबायांचं मत नव्हे. पाश्चात्त्य मानसशास्त्रही विसाव्या शतकात बराच काळ असंच सांगत होतं. फ्रॉइडने १९१७ मध्ये शोक हे मनाला करावंच लागणारं काम आहे, असं मांडलं. पुढे १९४२ मध्ये बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. त्यातून वाचलेल्यांना आणि मृतांच्या नातलगांना तपासून एरिक लिंडेमान या डॉक्टरांनी १९४४ मध्ये निबंध लिहिला आणि त्या विचाराला वैद्यकीय वजन आलं. कोंडलेली वाफ कधीतरी कुकर फोडणारच, असा एकूण हिशेब.

हा हिशेब कोणी तपासून पाहिलाय का, हा साधा प्रश्न कॅमिल वॉर्टमन आणि रॉक्सेन कोहेन सिल्व्हर या दोन अमेरिकन संशोधिकांनी विचारला. पाठीच्या कण्याला इजा होऊन अपंगत्व आलेल्यांना सिल्व्हर अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच भेटल्या होत्या. तेव्हाही त्या माणसांना आनंदाचे क्षण येत होते, आणि ते कोणालाही वाटलं नसतं इतके. तान्हं मूल झोपेत अचानक गेलेल्या आईबापांचाही अभ्यास झाला. सुरुवातीला फारसे न खचलेले पालक दीड वर्षानंतरही बहुतेक सावरलेलेच होते. दडवलेलं दुःख नंतर उफाळून आलं, असं दिसलं नाही. १९८९ मध्ये दोघींनी हे सगळं मांडताना त्या जुन्या समजुतींना ‘मिथकं’ म्हटलं. तो शब्द तिखट होता, पण मला योग्य वाटतो. कारण या समजुतीचा सगळ्यात मोठा जाच दुःखी माणसालाच होत होता. तो रडला तर अजून सावरला नाही, न रडला तर काहीतरी दडवतोय!

सिल्व्हर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत प्राध्यापक आहेत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर लगेच त्यांच्या गटाला देशभरातल्या एका नमुन्याची उत्तरं मिळाली. त्यात मनातलं लिहिण्यासाठी एक मोकळी जागा होती, सक्ती नव्हती. पुढची सुमारे दोन वर्षं याच माणसांची विचारपूस होत राहिली, तेव्हा काही न लिहिणाऱ्यांची प्रकृती लिहिणाऱ्यांपेक्षा बरी निघाली. बोलल्याने अपाय होतो, असं यातून सिद्ध होत नाही. ज्यांना जास्त लागलं होतं त्यांनीच कदाचित लिहिलं असेल. पण गप्प राहणारा आतून पोखरला जातो, हे विधान मात्र इथे टिकत नाही. एव्हाना दुर्घटनेनंतर एकाच बैठकीत सगळ्यांना बोलतं करण्याची पद्धत रूढ झाली होती. तिच्यावरच्या चाचण्यांचा २००२ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा ती सक्ती थांबवावी असाच निष्कर्ष निघाला.

यानंतर सिल्व्हर यांचा प्रश्नच बदलला, आणि मला तो भाग जास्त अस्वस्थ करतो. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. नंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. घाबरलेला माणूस जास्त बातम्या बघतो हे खरंच. पण गटाच्या २०१९ च्या अभ्यासात हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरताना दिसलं. म्हणजे पाहिल्याने ताण वाढतो, आणि ताणामुळे पुढच्या घटनेच्या वेळी पाहणं वाढतं. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवरचा हल्ला दिवसरात्र टीव्हीवर पाहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

गंमत म्हणजे त्याच २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांची नवी निदानपुस्तिका आली. कामाचा भाग म्हणून पाहावं लागलं नसेल तर टीव्हीवर पाहिलेली घटना आघातोत्तर विकाराच्या निकषात धरू नये, असं तिने बजावलं. आजाराचं नाव सैल हाताने वाटू नये, हे मला पटतं. पण सिल्व्हर आजार मोजतच नव्हत्या, लक्षणं मोजत होत्या. कुठल्या चौकटीत बसत नाही म्हणून काही झोप उडालेल्या माणसाला झोप लागत नाही.