परसंस्कृतीचा न्यायनिवाडा

परक्या समाजाच्या चालीरीतींस बरेवाईट म्हणण्याचा आपणांस अधिकार आहे काय, हा प्रश्न फार जुना आहे. हिरोडोटस ह्या ग्रीक इतिहासकाराने ह्यासंबंधी एक मार्मिक कथा नमूद केली आहे. इराणचा बादशहा दरायस ह्याने दरबारातील ग्रीकांस विचारले की, किती द्रव्य दिले असता तुम्ही आपल्या मृत पित्याचे मांस भक्षण कराल? त्यांनी साफ नकार दिला. मग ज्यांच्यात ती चाल होती अशा एका हिंदी जमातीच्या लोकांस त्याने विचारले की, पित्याचे प्रेत जाळण्याचे काय घ्याल? ते ऐकताच त्यांनी आक्रोश केला. रूढीची सत्ता सर्वांवर चालते, असे तात्पर्य हिरोडोटस काढतो.

ज्याची त्याची नीती ज्याच्या त्याच्या समाजापुरती, हे मत ह्याच कथेच्या आधारे पुष्कळदा मांडले जाते. परंतु कथेतील दोन्ही पक्षांचा पित्याविषयीचा पूज्यभाव एकच आहे. भेद आहे तो रीतीचा. शिवाय ज्याच्या देहाविषयी हा वाद, तो मृत होता. रूढीचा भार जिवंत माणसावर पडतो, तेव्हा हे समाधान पुरत नाही.

आपल्याकडील रखमाबाईंचा खटला पाहावा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी वयात आल्यावर पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. 1884 साली पतीने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. 1885 साली न्यायमूर्ती पिन्हे ह्यांनी तो फेटाळला. परंतु अपिलानंतर, 1887 साली, पतीकडे जावे अन्यथा सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पसंत केला. 'केसरी'ने त्यांच्याविरुद्ध पक्ष घेतला. धर्माच्या बाबतीत परक्यांची ढवळाढवळ नको, असे सनातन्यांचे म्हणणे होते.

गंमत अशी की, पत्नीस नांदावयास लावण्याचा तो दावाच मुळी विलायती. इंग्लंडातील धर्मपीठांच्या न्यायालयांतून तो येथे आला; आणि त्यासाठी कैदेत टाकण्याची तरतूद खुद्द इंग्लंडाने 1884 साली रद्द केली होती. म्हणजे स्वधर्माच्या नावाने ज्याचे रक्षण चालले होते, ते शस्त्र परक्यांचे. आणि 'नाही' म्हणणारी मुलगी मात्र आपल्याच घरची!

संस्कृती म्हणजे एकाच मुखाने बोलणारी व्यक्ती नव्हे. तिच्या नावाने बोलतात ते बहुधा बलवान; सोसणाऱ्यांचा आवाज दबलेला असतो. 'ती त्यांची चाल आहे, आपण काय बोलावे?' असे म्हणणारा परका तटस्थ राहतो असे नाही. तो न कळत बलवानाच्या बाजूने निकाल देतो. निकाल कोणी दिला आणि निकाल खरा की खोटा, हे प्रश्न निरनिराळे आहेत. राज्यकर्त्याचा हेतू कुटिल असला म्हणून सोसणाऱ्याची व्यथा खोटी ठरत नाही.

तथापि न्यायासनावर बसणाऱ्याने दोन पथ्ये पाळलीच पाहिजेत. ज्याच्यावर रूढीचा घाव पडतो त्याची साक्ष त्याने प्रथम घ्यावी. आणि ज्या मापाने दुसऱ्यास मोजावयाचे, त्याच मापाने आपले घरही मोजावे. ही पथ्ये पाळणाऱ्यास परसंस्कृतीविषयी बोलण्याचा अधिकार आहे. न पाळणाऱ्यास तो स्वसंस्कृतीविषयीही नाही.

1888 साली तो वाद पैसे देऊन मिटला. रखमाबाई विलायतेत वैद्यक शिकल्या आणि परत येऊन सुरतेस त्यांनी कित्येक वर्षे स्त्रियांची शुश्रूषा केली. त्यांच्या साक्षीस आपल्या समाजाने अखेर मान दिला, तो कोणा परक्याच्या भिडेने नव्हे, तर ती साक्ष खरी होती म्हणून.