बायकोच्या फोनवर चाललेली पाळी

पुण्याहून महामार्गाने कोल्हापुरात शिरताना पंचगंगेच्या अलीकडे शिरोली एमआयडीसी लागते. इथल्या फाउंड्र्यांत चौदाशे अंशांच्या आसपास वितळलेले बीड साच्यात ओतले जाते. ओतणाऱ्याचा हात हलून चालत नाही. पण दारू मुरलेल्या शरीराचा हात सकाळी हलतोच, आणि तो दारू उतरल्यामुळे. घोटभर पोटात गेली की स्थिर होतो. गेटवर वास घेणाऱ्या पहारेकऱ्याला पिऊन आलेला माणूस सापडतो. न पिता आलेला, आतून थरथरणारा सापडत नाही. भट्टीपाशी दोघेही धोक्यातच.

म्हणून असा कामगार घरी राहतो आणि सुपरवायझरला फोन बायको करते. “त्यांना लई ताप चढलाय.” ठेकेदाराच्या हजेरीत एक खाडा पडतो. त्यामागची तिची मेहनत कुठेच लागत नाही: किराणावाल्याची उधारी लांबवणे, नवऱ्याने घेतलेली उचल सासूपासून लपवणे, शाळेत बाईंना काहीतरी कारण सांगणे. दारूचा आजार आपण एकाच माणसाच्या अंगात शोधतो. त्याची झाकपाक, शुश्रूषा आणि शेवटी अपयशसुद्धा बाईच्या अंगावर टाकतो. “तूच त्याला सांभाळून घेतलं नाहीस” हे वाक्य ज्या घरात म्हटले जात नाही, असे घर मी अजून पाहिलेले नाही.

भिंतींवरच्या जाहिराती हेच करतात. पेशंटच्या नकळत दारू सोडवा, पावडर जेवणात मिसळा! पुडीत डायसल्फिराम असले, तर त्या औषधाने दारूचे पचन मधेच अडते आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड साठते. ज्याला ठाऊकच नाही तो वर दारू प्याला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या संमतीनेच द्यायचे असते. पुडीत नेमके काय आहे, हे तर जाहिरात सांगतही नाही. आणि काही झाले, तर ताटात वाढणारा हात तिचा असतो. एकाएकी दारू तोडण्यातही धोका आहे. जुन्या व्यसनात पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो; मग शेजारी देवऋष्याकडे धावतात. माळ घालून दारू सुटलेली माणसे आहेत आणि त्या श्रद्धेचे मोल मी मानतो. तरी ते पहिले दिवस डॉक्टरच्या नजरेखालीच जावेत. 2019 च्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीनुसार मद्यावलंबी 38 जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतात. बाकीच्यांचा दवाखाना म्हणजे बायको.

नवरा-बायकोच्या नात्यात दारू काय करते, ते मारहाणीपुरते संपत नाही. मारहाण आहेच: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019–21) ज्यांचे नवरे वारंवार झिंगतात, अशा 70 टक्के स्त्रियांनी शारीरिक वा लैंगिक हिंसा सांगितली, न पिणाऱ्यांच्या बायकांत ते प्रमाण 23 टक्के होते. पण त्याहून चिवट असतो संशय. दीर्घकाळच्या दारूने पुरुषाची शारीरिक क्षमता ढासळते आणि ते अपयश तो तिच्या चारित्र्यावर ढकलतो. ती शेजारणीकडे बसणे सोडते, मोबाईल उघडा ठेवते. हळूहळू एटीएम कार्ड, हिशेब, सोयरेधायरे सगळे तिच्या हाती येते आणि घर तिच्या सावधपणावर उभे राहते.

मग एक दिवस तो खरेच सोडतो आणि कार्ड परत मागतो. हे वळण फार अवघड असते, आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही. 1935 साली अमेरिकेत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही मद्यपींची स्वमदत संघटना सुरू करणाऱ्या बिल विल्सनची पत्नी लोइस हिने, नवऱ्याची दारू सुटल्यानंतर, त्याच्या बैठकांच्या रागाने बूट भिरकावला होता. वर्षानुवर्षे जे तिला जमले नाही, ते परक्या माणसांनी केले, आणि तिच्यापाशी करण्यासारखे काही उरले नाही. 1951 मध्ये तिने नातेवाइकांसाठी अल-अनॉन उभी केली. 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेल्या पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे.

मुलांचे नुकसान वेगळेच. बापाच्या पावलांच्या आवाजावरून आजची रात्र ओळखणारे थोरले पोर फार लवकर शहाणे होते, आणि त्याचे कौतुक करणाऱ्यांचा मला राग येतो.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारूशी निगडित मनोविकार आजारात धरले आहेत. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) नोंदलेल्या कामगाराच्या पत्नीलाही औषधोपचाराचा हक्क आहे. म्हणजे तिची तुटलेली झोप, तिचे नैराश्य यांवर तिच्या स्वतःच्या नावाने केसपेपर निघू शकतो. नवरा सुटेपर्यंत थांबायचे कारण नाही. कारखानदारांनी कामगाराला व्यसनमुक्तीसाठी पाठवावे आणि परतल्यावर कामावर घ्यावे, एवढे तरी मागायलाच हवे. पण कारखानदारांच्याच पैशातून तिच्यासाठी शिरोलीत, शेजारच्या नागावात एक खोली मिळावी. दारावर दारूचा उल्लेख नसावा, आणि बैठक पहिली पाळी सुटायच्या आत संपावी. त्यानंतर तिला घरातून निघता येत नाही.