दिव्याचं आपण काय देणं लागतो?

आषाढ अमावास्येला घरातले दिवे घासायची रीत आहे. समई, निरांजन, माळ्यावर पडलेला लामणदिवा, सगळं चिंचेनं लख्ख होतं, पाटावर मांडलं जातं, हळदकुंकू वाहिलं जातं. त्याच वेळी डोक्यावर लागलेल्या एलईडी बल्बकडे मात्र कुणी बघत नाही. वर्षभर आपण त्याच्याच उजेडात जेवतो, अभ्यास करतो, भांडतो. मग वापरातल्या वस्तूचं आपण काही देणं लागतो का?

सरळ उत्तर 'नाही' असं आहे. बल्बला दुखत नाही, त्याचा अपमान होत नाही. पैसे मोजले, हिशेब संपला. शिवाय चालू असलेली वस्तू नजरेत येतच नाही. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांच्या १९२७ सालच्या ग्रंथात हातोड्याचं उदाहरण आहे. खिळा ठोकण्यात गढलेल्या माणसाला हातोडा जाणवत नाही. तो मोडला की मग दिसतो. दिव्याचं तर याहून पुढचं आहे. त्याच्यामुळे बाकी सगळं दिसतं, आणि तोच तेवढा दिसत नाही.

पण दिव्याखाली कोण आहे ते बघा. पेणहून रोह्याला जाताना कासू हे छोटं स्टेशन लागतं. हा खाडीपट्ट्याजवळचा भाग, आणि चार महिने पाऊस. अशा दमट, खाऱ्या हवेत होल्डरच्या पिना गंजतात, बल्ब फडफडतो आणि आपण म्हणतो, 'बल्ब उडाला.' नवा आणतो, तोही फडफडतो, कारण दोष होल्डरमध्ये असतो. सैल पिनेपाशी ठिणगी उडत राहते, प्लास्टिक काळं पडतं. पूर्ण बंद शेडमध्ये उष्णता कोंडते. एलईडीचे डायोड बहुधा शाबूत असतात, पण त्यांना वीज पुरवणारं सर्किट आधी जळतं. शेडवर साचलेली धूळ उजेड खाते. तरुण डोळ्यांचं त्यावाचून काही अडत नाही. जिन्यात पायानं पायरी चाचपणाऱ्या आजीचं अडतं. देणं आहे ते तिचं.

इथे एक गोष्ट विसरता येत नाही. कंदिलाची काजळलेली काच रोज संध्याकाळी कोण पुसायचं? बहुतेक घरांत मुलगी किंवा सून. त्या उजेडात वाचत बसायचा बहुधा दुसराच कुणी. त्या कामाला 'संस्कार' हे नाव देताना तिला कुणी विचारलं नव्हतं. विजेच्या दिव्यानं ती मेहनत संपवली, हे चांगलंच झालं.

मेहनत गेली तशी लक्ष ठेवायची सवयही गेली. आपलं लक्ष नसण्यात कुणाचा तरी फायदा असतो. १९२४ साली जगातल्या बड्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात संगनमत केलं आणि बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणायचं ठरवलं. जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्या सदस्य कंपनीला दंड होता. आजचा एलईडी बल्ब त्याहून कितीतरी जास्त टिकतो, पण बिघडला तर बहुतेक वेळा उघडताच येत नाही. जी वस्तू दुरुस्त करता येत नाही, ती आपल्या हातात फेकून देण्याचंच काम ठेवते. म्हणून उघडता येईल, दुरुस्त होईल अशी वस्तू मागणं हाही काळजी घेण्याचाच भाग आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. विजेचे खांब आडवे झाले, जिल्ह्यातली कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. एका बटणामागे किती हात असतात, ते तेव्हा कळलं. पावसात खांब उभे करणारे, तारा ओढणारे, सबस्टेशनमध्ये रात्र काढणारे. तो उजेड इतक्या लांबून आपल्या घरापर्यंत येतो. शेवटचे चार फूट, होल्डरपासून टेबलापर्यंतचे, आपल्या वाट्याचे आहेत.

येत्या दिव्यांच्या अवसेला समईबरोबर तेही करता येईल. आधी मेन स्विच बंद करा. शेड उतरवा, धुवा, पूर्ण वाळू द्या. होल्डर काळा पडला असेल तर स्वतः खटपट न करता वायरमनला बोलवा. आणि स्टुलावर चढणारी व्यक्ती दरवर्षी तीच असेल, तर यंदा तिला खाली बसू द्या.