कुऱ्हाडीपूर्वीं ओळख

शास्त्रपाठ : लूक १३:६-९, अनुवाद २०:१९-२०



आपल्या प्रभूनें अंजिराच्या एका झाडाचा दृष्टांत सांगितला आहे. धनी तीन वर्षें फळ पाहण्यास आला व रिकाम्या हातीं परतला. तेव्हां त्यानें माळ्यास झाड तोडण्याची आज्ञा केली. माळ्यानें झाडाची बाजू घेतली, परंतु नुसती दया मागितली नाहीं. आणखी एक वर्ष मागून त्या वर्षांत आपण काय करणार, हेंही त्यानें सांगितलें : भोंवतीं खणीन व खत घालीन. ज्यास झाडाची ओळख नाहीं त्याच्या हातीं प्रथम कुऱ्हाड येते. ज्यास ओळख आहे त्याच्या हातीं प्रथम कुदळ येते.

मोशेच्या नियमशास्त्रांतही हीच शिकवण आहे. शत्रूच्या नगरास वेढा घातला असतांही फळझाडांवर कुऱ्हाड चालवूं नये. जें झाड खाण्याच्या फळाचें नाहीं असें ठाऊक असेल तेंच तोडावें. युद्धाच्या धांदलींत देवानें शिपायास झाड ओळखावयास लाविलें. मग आपल्याच परसांत राहणाऱ्या आम्हांस ती ओळख नसावी काय ?

पपईचें उदाहरण घेऊं. ज्या जातींत नर व मादी झाडें वेगळीं असतात, त्यांत नर झाडास लांब लोंबत्या देठांवर बारीक फुलांचे झुबके येतात. मादीचें फूल मोठें असून खोडास लागून येतें. नर झाड निरुपयोगी म्हणून लोक तोडतात. सर्वच नर झाडें तोडलीं, म्हणजे मादी झाडांचीं फुलें गळूं लागतात, आणि मग दोष जमिनीस दिला जातो. दहा मादी झाडांमागें एक नर झाड राखावें, असें जाणते बागवान सांगतात. ज्याच्या अंगावर फळ नाहीं, तेंच इतरांच्या फळांस कारण होतें.

सीताफळाचें झाड उन्हाळ्यांत पानें टाकून काटक्यांच्या भाऱ्यासारखें दिसतें. फांदीची साल नखानें किंचित् खरवडून पाहावी. आंत ओलें हिरवें दिसलें, तर झाड जिवंत आहे. पावसापर्यंत धीर धरावा.

आंब्याच्या कलमास सांध्याखालून धुमारे फुटतात. ते मूळच्या रायवळ रोपाचे असतात व जोमानें वाढतात. ते वेळींच न काढल्यास वरचें चांगलें कलम मागें पडतें, आणि घरधनी म्हणतो, कलम फसवें निघालें. कोयीपासून वाढलेल्या आंब्यास तर फळ धरण्यास सहा-आठ वर्षें, कधीं त्याहूनही अधिक लागतात. त्यास तिसऱ्या वर्षीं वांझ म्हणणें हा अन्याय होय.

परंतु ओळख म्हणजे सर्वच राखणें नव्हे. भर उन्हांत आंब्यावर जाड पानांचा एक निराळाच हिरवागार झुबका डोलत असेल, तर तें बांडगूळ होय. पक्षी त्याचें चिकट बीं फांदीवर आणून टाकतात. तें सालींतून आंत मूळ घालून झाडाचें पाणी ओढतें. नुसता झुबका ओरबाडला तर तो पुन्हा फुटतो. म्हणून त्यास फळ धरण्यापूर्वींच, तो चिकटला असेल तेथून वीतभर मागें फांदी कापावी. येथें धार लागतेच. परंतु ती झाड वांचविण्यासाठीं.

आतां खतापाण्याविषयीं. पुष्कळ लोक खोडाशीं माती चढवून तेथेंच शेण व पाणी ओततात. सदा ओल राहिल्यानें साल कुजते आणि लिंबाच्या खोडांतून डिंक वाहूं लागतो. अन्न घेणारीं बारीक मुळें फांद्यांच्या घेराखालीं पसरलेलीं असतात. तेथें उथळ चर खणून कुजलेलें शेणखत घालावें, आणि खोडाजवळची जागा कोरडी ठेवावी. माळ्यानें भोंवतीं खणीन म्हटलें, तें यथार्थ होतें.

झाडांची ओळख ही ऐहिक गोष्ट म्हणून कोणी हलकी लेखूं नये. डॉ. विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें. त्यांनींच श्रीरामपूर येथें मोठी बाग वाढविली, १८२० सालीं शेती व बागाईत यांसाठीं संस्था स्थापिली, आणि डॉ. रॉक्सबर्ग यांचा भारतीय वनस्पतींवरील ग्रंथ १८३२ सालीं छापून काढला. शुभवर्तमान व वनस्पति यांत त्यांस विरोध दिसला नाहीं.

उपदेशक बंधूंनो, आतां मंडळीची यादी उघडा. एखादें कुटुंब सहा महिने उपासनेस आलें नाहीं, कीं नांव कमी करण्याची सूचना पुढें येते. त्यांच्या घरीं कोणी गेलें होतें काय ? कदाचित् तें ऊसतोडीस गेलें असेल. साल खरवडून पाहा, आंत हिरवें असेल. जी विधवा वर्गणी देऊं शकत नाहीं व सभेंत बोलत नाहीं, तिच्या प्रार्थनेनें किती घरांस फळ आलें असेल, तें देव जाणतो. नव्या विश्वासी माणसांत जुन्या संवयींचे धुमारे फुटतील. ते हळूच खुडा, कलम उपटूं नका. ज्या घरास दारूचें किंवा कर्जाचें बांडगूळ लागलें आहे, तेथें बांडगुळावर शस्त्र चालवा, घरावर नको. आणि चारचौघांत दिलेला कठोर बोध हा खोडावर ओतलेल्या शेणासारखा असतो, हें विसरूं नका. भोंवतीं खणा : घरांतलें आजारपण, मुलांची शाळा, संध्याकाळची चूल यांची विचारपूस करा.

त्या अंजिरास पुढें फळ आलें कीं नाहीं, हें प्रभूनें सांगितलें नाहीं. आम्हांस मात्र माळ्याचें काम ठाऊक आहे. आम्हीही त्याच मळ्यांतलीं झाडें असून, मागून घेतलेल्या वर्षावरच जगत आहों. यास्तव या आठवड्यांत प्रत्येकानें परसांतल्या एका झाडाभोंवतीं खणावें, आणि यादींतल्या एका विसरलेल्या घरीं जावें. वाढविणारा देव दोन्हीं ठिकाणीं फळ देवो.