क्षीराचा हेतू

वासराने कासेला ढुसण्या द्याव्यात आणि गाईला पान्हा फुटावा, ही गोठ्यातली नित्याची घटना आपल्या दार्शनिकांनी एका मोठ्या वादास जुंपली होती. जड दूध जसे वासराच्या पोषणार्थ प्रवृत्त होते, तशी अचेतन प्रकृती पुरुषाच्या, म्हणजे चेतन आत्म्याच्या, मोक्षार्थ प्रवृत्त होते, असा दाखला ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत दिला. त्यावर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हरकत घेतली, की चेतन गाईचे वात्सल्य आणि वासराचे चोखणे यांमुळे दूध स्रवते, ते आपण होऊन वाहत नाही. पक्ष भिन्न होते. परंतु दूध वासरासाठीच आहे, हे उभयतांनी गृहीत धरले होते.

हे ‘साठी’ येते कोठून, याचा निराळा उलगडा १८५९ साली डार्विनने केला: संततीत लहानसहान भेद उपजतात, त्यांपैकी जगण्यास व प्रजोत्पादनास उपकारक असतील ते वंशात टिकतात, आणि असंख्य पिढ्यांच्या या निवडीतून जे साचते तेच आपल्याला योजनेसारखे भासते. दुधातही या साचण्याच्या खुणा दिसतात. ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपस अंडी घालतो, तरी पिलांना दूध पाजतो. मादीला स्तनाग्रे नसल्याने दूध पोटाच्या त्वचेतून पाझरते आणि पिले ते तेथूनच पितात. दुग्धशर्करा तयार होण्यास लागणारे लॅक्टाल्ब्युमिन हे प्रथिन तर, अश्रूंत आढळणाऱ्या जंतुनाशक लायसोझाइमच्या जनुकाची जादा प्रत पालटत जाऊन घडले. जणू पहाऱ्यावरच्या शिपायाचा भाऊ मुदपाकखान्यात रुजू झाला, आणि त्याच्या नेमणुकीचा हुकूम मात्र कोणत्याच दप्तरात नाही. हा क्रम थांबलेलाही नाही: प्रौढपणी दुग्धशर्करा पचवण्याची शक्ती गेल्या काही सहस्र वर्षांत पशुपालक समाजांत पसरली, आणि तीही यूरोपात व आफ्रिकेत वेगवेगळ्या जनुकीय बदलांनी.

यावरून ईश्वर नाही असे सिद्ध होत नाही. कार्यावरून कर्त्याचे अनुमान करणाऱ्या नैयायिकाला मात्र, सजीवांच्या अवयवांची उपयुक्तता एवढ्याच पुराव्यावर आपला दावा मंजूर करून घेता येणार नाही. शंकराचार्यांनी पुढे केलेले वात्सल्यही याच निवडीत घडले असले, तरी त्यामुळे ते खोटे ठरत नाही. उगम कळला म्हणजे मोल ठरले, असे नव्हे. हेतू सृष्टीच्या आरंभी असो वा नसो, तिच्या ओघात तो निःसंशय उपजला आहे. आणि एकदा तो उपजल्यावर, कोणी कोणासाठी झिजावे या प्रश्नाचे उत्तर प्रकृतीवर ढकलून मोकळे होण्याची सवलत हेतू बाळगणाऱ्या मनुष्याला उरत नाही.