काशीत काय सोडावे?

महाराष्ट्रातून काशीयात्रेस जाणाऱ्या गृहस्थांत एक जुनी चाल आहे. गंगास्नान झाले, विश्वेश्वर आणि अन्नपूर्णा यांचे दर्शन घडले, की एखादा आवडीचा खाद्यपदार्थ तेथे जन्मभरासाठी सोडावयाचा. कित्येक कुटुंबांत हा संकल्प गयेस पितृकार्य झाल्यावर करतात. घरी परतल्यावर तो पदार्थ पुन्हा पानात घेत नाहीत.

चाल उत्तम आहे. पण तिचा कस लागतो तो निवडीत. सोडावयाचे असते आवडीचे, आणि पुष्कळदा सुटते कारले, पडवळ, नाहीतर वर्षाकाठी एकदा दृष्टीस पडणारे रामफळ. मधुमेह जडलेला गृहस्थ रामफळ सोडून समाधानाने गाडीत बसतो आणि पहिल्याच स्थानकावर दोन चमचे साखरेचा चहा घेतो. त्यागाचे पुण्य गाठीस बांधले, जिभेला मात्र कसलीच तोशीस पडली नाही!

गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या ५९व्या श्लोकात भगवंतांनी या मर्मावरच बोट ठेवले आहे. आहार तोडला तर विषय दूर होतात, पण त्यांची गोडी आत राहते. परमतत्त्वाचे दर्शन झाले म्हणजेच तीही मावळते. सामान्य गृहस्थाची मजल तेथवर पोचली नसेल. तरी गोडी कोठे दडून आहे, हे त्याला ओळखता येते. तिला हात न लावता केलेला त्याग हा नुसता हिशेब होय.

याच्या उलट टोकाची माणसेही असतात. काशीहून परतताच उत्साहाच्या भरात अन्न एकवेळ करावयाचे, तेल, तूप, गूळ सारे वर्ज्य करावयाचे, आणि पंधरवडा उलटण्याच्या आत पूर्ववत खावयास लागावयाचे. सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा या दोघांनाही योग साधत नाही, असे म्हटले आहे. त्याच अध्यायात मनाला हळूहळू, धीराने आवरावयास सांगितले आहे. मनाला जी रीत लागू, ती जिभेला का नसावी?

येथे वैद्यकाचा अनुभवही जुळतो. मीठ थोडे थोडे कमी करीत गेल्यास काही आठवड्यांत जीभ त्या चवीला सरावते आणि पूर्वीचेच अन्न खारट लागू लागते. चातुर्मासाचे चार महिने या सरावाला पुरेसे आहेत. प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमहून, म्हणजे एका लहान चमच्याहून, कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड आणि पानात वरून वाढलेले मीठ यांतच त्याचा मोठा भाग संपतो. तेव्हा डाव्या बाजूचे मीठ वाढणे थांबवावे आणि तेथील कोशिंबीर दुप्पट करावी. चहाचेही तसेच. दिवसाला ३ पेले घेणाऱ्याने पेल्यामागे अर्धा चमचा साखर कमी केली, तर वर्षाला अडीच किलोहून अधिक साखर पोटात जाण्याची वाचते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींवर असल्याचे दिसले. म्हणून हा अर्धा चमचा क्षुल्लक मानू नये. मात्र मधुमेहाचे औषध चालू असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास आरंभू नये. सतराव्या अध्यायात देहाला पीडा देणाऱ्या अशास्त्रीय तपाची निंदाच केली आहे.

गृहिणीचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि त्याचा विचार फारसा कोणी करीत नाही. सर्वांची जेवणे झाल्यावर ती शेवटी बसते. अन्न टाकू नये म्हणून उरलेला भात, उरलेली भाजी भूक नसताही संपवते, आणि रात्रीचे शिळे दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याच वाट्याला येते. शिळे, रस गेलेले अन्न गीतेने तामस आहारात गणले आहे. अन्न पूर्णब्रह्म खरे. पण त्याचा मान राखण्याचे ओझे एकटीच्या पोटावर का असावे? येथे बदल खाण्यात नव्हे, शिजविण्यात हवा. मूठभर तांदूळ कमी घ्यावेत आणि ताजे जेवण सर्वांनी तिच्यासह एकाच पंगतीत घ्यावे. काशीत अन्नपूर्णेच्या सुवर्णमूर्तीचे दर्शन धनत्रयोदशीपासून अन्नकूटापर्यंत मिळते. प्रत्यक्ष विश्वेश्वराला भिक्षा वाढणारी ती देवी. तिच्यापुढे हात जोडून आलेल्या पुरुषाने घरच्या अन्नपूर्णेच्या ताटात काय पडते, हे एकदा पाहावे.

यात्रा संपली, गंगेची गडवी घरी आली, की मावंदे येते. पुरणपोळी, तूप, आणि आग्रह. संकल्प पुष्कळदा येथेच ढासळतात, कारण नको म्हणणे म्हणजे यजमानाचा अवमान, असे मानले जाते. पण 'काशीत सोडले आहे' हे शब्द ऐकताच वाढणारा हात मुकाट्याने मागे जातो. तेथे कोणी वाद घालीत नाही. समाजाने या शब्दांना एवढा मान दिला आहे, तर तो रामफळावर का खर्चावा? दुसऱ्यांदा वाढून घेणेही काशीत सोडता येते.