दुसऱ्याचा न्याय

भाऊबीजेला मी दरवर्षी साताऱ्याहून सांगलीला आक्काकडे जातो. गेल्या वर्षी ओवाळणी झाली, फराळाची ताटे आली आणि तेवढ्यात मागल्या अंगणातून भांडणाचा आवाज ऐकू आला. जाऊन पाहतो तो माझा भाचा आणि त्याचे तीन-चार मित्र पायरीवर बसून कडाकडा वाद घालीत होते. वादाचा विषय जमीनजुमला नव्हता, निवडणूकही नव्हती. परदेशातल्या कोण्या रॉक बँडचा दुसरा आल्बम निघाला होता. पहिल्या आल्बमवर ही मुले जीव टाकीत आणि दुसऱ्यावर आता खटला चालला होता.

"पहिल्याची सर नाही," एक म्हणाला.

"तेच तेच केलंय पुन्हा," दुसरा म्हणाला.

"छे! पहिल्यासारखं काहीच ठेवलं नाही, हाच तर घोटाळा आहे," तिसरा म्हणाला.

मी मास्तर. त्यामुळे न विचारता प्रश्न करण्याची मला खोड आहे. मी विचारले, "का रे, कितीदा ऐकलात हा आल्बम?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. भाचा म्हणाला, "मामा, मी एकदा ऐकला." बाकीच्यांपैकी एकाने निम्मा ऐकला होता. निकाल मात्र सर्वांचा तयार होता.

मला हसू आले ते त्या मुलांचे नव्हे. हाच निकाल, याच शब्दांत, मी लहानपणी आमच्या घरी ऐकला होता. फक्त तिथे गिटारीऐवजी बासरी होती.

आमचे वडील दहा वर्षांचे असताना, 1 एप्रिल 1955 रोजी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. शब्द गदिमांचे, म्हणजे आमच्याच मुलखातल्या, आटपाडीजवळच्या शेटफळ्याला जन्मलेल्या गजानन दिगंबर माडगूळकरांचे. चाली सुधीर फडक्यांच्या. वर्षभरात छप्पन्न गाणी झाली. गावात रेडिओ एखादाच. त्याच्यासमोर बायामाणसे हात जोडून बसत, कोणी त्याला हारही घालीत. वडील सांगत, की गाणे संपले तरी कोणी लगेच उठत नसे. पुढे याच माडगूळकरांनी कृष्णावर 'गीतगोपाल' लिहिले. त्याला चाली दिल्या सी. रामचंद्रांनी, 'अलबेला' आणि 'अनारकली' या चित्रपटांच्या संगीताने ज्यांचे नाव देशभर झाले होते त्यांनी. वडिलांनी ती गाणी ऐकली आणि म्हणाले, "रामायण ते रामायण!" एवढ्यावर गीतगोपालाचा खटला आमच्या घरी निकालात निघाला तो जवळजवळ पन्नास वर्षांसाठी.

मग माझ्या मनात प्रश्न आला, की या न्यायात चूक कोठे आहे? कारण ऐकणाऱ्याची बाजूही काही लंगडी नाही. त्याने आपला वेळ दिलेला असतो. त्याला जे आवडले नाही ते आवडले असे त्याने का म्हणावे? लेखकाला वा गायकाला बरे वाटावे म्हणून खोटी मान डोलावणे ही काही रसिकता नव्हे. शिवाय तुलना केल्यावाचून आवड घडतच नाही. आंबा गोड, हे आपण आधी खाल्लेल्या आंब्यावरूनच ठरवतो ना?

आणि तुलना नेहमी दुसऱ्याच्या मुळावर येते असेही नाही. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले तेव्हा पुण्याचे लोक वेडे झाले. दोनच वर्षांनी, 1882 मध्ये, सौभद्र आले. त्या प्रेक्षकांनीही दोहोंची तुलना केलीच असणार. तरी कालिदासाचा आधार सोडून स्वतंत्रपणे रचलेले ते दुसरे नाटक घराघरांत असे काही रुजले, की आज संगीत नाटक म्हटले म्हणजे पुष्कळांना आधी सौभद्रच आठवते. माझ्या भाच्याने मला असेच एक रॉकमधले उदाहरण सांगितले. अमेरिकेत निर्व्हाना नावाचा एक बँड होता. 1991 साली त्यांचा 'नेव्हरमाइंड' हा आल्बम जगभर गाजला. बहुतेक लोकांनी त्यांचे नाव तेव्हाच प्रथम ऐकले. वास्तविक तो त्यांचा दुसरा आल्बम. पहिला 1989 साली निघाला होता. म्हणजे ज्यांना पहिला ठाऊक नव्हता, त्यांनी दुसऱ्याला पहिल्याचा मान दिला!

मला वाटते, गोम इथेच आहे. पहिली कृती येते तेव्हा आपले घर रिकामे असते. आपण कोणाची वाट पाहत नसतो. जो येईल तो पाहुणा. दुसरी येते तेव्हा चांगला पाट आधीच अडवलेला असतो आणि आपण नव्या पाहुण्याला विचारतो, "तुम्ही ते का नाही?" आता याला तो बिचारा काय उत्तर देणार? राम हा मर्यादेचा, कृष्ण लीलेचा. रामाची गाणी ऐकून तयार झालेल्या कानांनी कृष्णाची गाणी ऐकली, तर त्यांत राम सापडणार नाहीच. पण तो कृष्णाचा दोष कसा?

आणखी एक गोष्ट आहे. पहिल्या पुस्तकामागे माणसाचे सारे आयुष्य उभे असते. वीस-पंचवीस वर्षे साचलेले पाणी एकदम पाटाला लागते. दुसऱ्यासाठी दोन-तीन वर्षांचाच पाऊस. हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. माझ्या दुसऱ्या कादंबरीनंतर आलेल्या पत्रांत "पहिलीसारखी नाही" हे वाक्य नसलेले पत्र मला शोधावे लागले. त्या वेळी मला राग आला होता. परंतु रागावण्याचा अधिकार मला नव्हता, हे फार उशिरा ध्यानात आले.

पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. 'आमची विहीर' या विषयावर त्याने असा निबंध लिहिला, की मी तो सर्व तुकड्यांत वाचून दाखवला. पुढचा विषय दिला 'गावची जत्रा'. निबंध आला. मी लाल शाईने शेरा मारला, "पहिल्यासारखा झाला नाही." तिसरा निबंध त्याने गाईडातून उतरवून आणला, आणि पुढे वर्षभर गाईडच. वर्षाच्या शेवटी वह्या परत करताना मी तो जत्रेचा निबंध पुन्हा चाळला. त्यात शेवटी दोन ओळी होत्या. जत्रेत आईने सर्वांसाठी काही ना काही घेतले आणि परतताना तिच्या हातात तिचे असे काहीच नव्हते, असे त्या पोराने लिहिले होते. मी त्यात विहीर शोधत होतो. मला आई दिसली नाही. आज तो मुलगा कर्ता झाला आहे, भेटला की वाकून नमस्कार करतो. तो शेरा त्याला आठवतही नसेल. मला आठवतो.

पुढली गोष्ट इथे सांगावी की नाही, याचा मी विचार केला. गाण्यांची गोष्ट लहान, ही मोठी. पण मुळे एकाच मातीत आहेत, म्हणून सांगतो. आमच्या सातारा जिल्ह्यात काही घरांत मुलगा हवा असताना आणखी एक मुलगी झाली, की तिचे नाव 'नकुशी' ठेवीत. ऑक्टोबर 2011 मध्ये साताऱ्यात सरकारी समारंभ होऊन अशा 285 मुलींना नवी नावे मिळाली. त्या मुलींचा अपराध काय? जो आला नाही त्याच्या अभावाचे नाव, जी आली तिला दिले गेले. आपण दुसऱ्या पुस्तकाला, दुसऱ्या गाण्याला "ते नव्हे" म्हणतो तेव्हा, अत्यंत सौम्य रूपात का होईना, हेच करीत असतो. ते काय आहे हे न पाहता ते काय नाही हे सांगतो, आणि त्यालाच मत म्हणतो. गाण्याला त्याचे दुःख होत नाही. माणसाला होते.

म्हणून दुसरे सारे चांगलेच असते असे मी म्हणत नाही. पुष्कळ दुसऱ्या कादंबऱ्या खरोखरच वाईट असतात. माझी नसेलच असे छातीला हात लावून सांगता येत नाही. माझे म्हणणे इतकेच, की "मला दुसरे काही हवे होते" हे एक वाक्य आणि "हे वाईट आहे" हे निराळे वाक्य. पहिले आपल्याविषयी असते, दुसरे त्या वस्तूविषयी. पहिले बोलायला एकदा ऐकणे पुरे. दुसरे बोलायचे, तर पाट मोकळा करून पुन्हा बसावे लागते.

आमच्या वडिलांनी हे शेवटी केले. अखेरच्या आजारात त्यांना झोप येत नसे. या माझ्या भाच्याने एका रात्री मोबाइलवर गीतगोपाल शोधून त्यांच्या उशाशी लावले. बराच वेळ ते डोळे मिटून होते. मग म्हणाले, "अरे, हे वेगळंच आहे की!" त्या उद्गारात थोडे नवल होते आणि, मला वाटते, थोडा पश्चात्तापही.

ही हकिकत मी त्या मुलांना अंगणात सांगितली. भाचा काही बोलला नाही. त्याने तो आल्बम पहिल्यापासून लावला आणि पोरे गप्प राहून ऐकू लागली. मला त्यातले काही कळले नाही. ढोल फार होता. मी आत येऊन आक्काला म्हणालो, "आपल्या सांगलीत दर 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सीतास्वयंवर केले तो हा दिवस. पहिल्याचा दिवस सारे पाळतात. दुसऱ्याचा कोणी पाळतो का?"

आक्का माझ्या ताटात अनारसा वाढीत होती. शाळेत तिचा नेहमी पहिला नंबर, तिच्यामागून त्याच वर्गांत गेलेला मी दहा वर्षे "अरे, तू तिचा भाऊ ना?" हे ऐकत मोठा झालो. ती हसून म्हणाली, "पाळतो की! तूही या घरातला दुसराच. तुझ्यासाठीच तर भाऊबीज असते."